वहिनीच्या वेलीचे देठ

फसवलं मी, आणि फसली माझी चुलतवहिनी सुलभा. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, गोष्ट नेमकी उलटी माहीत आहे, आणि ती उलटी मीच पसरवली.

आधी माझी बाजू ऐका. हातगाडीवर काटोलची संत्री विकण्यापासून मी सुरुवात केली. आज काटोल रोडला माझी स्वतःची नर्सरी आहे. सौद्यात मला कुणी हरवलं नव्हतं — वहिनी सोडून. तिच्या अंगणात होयाची वेल होती. बदामाच्या आकाराची जाड पानं, आणि फुलं म्हणजे मेण ओतून केलेल्या चांदण्यांचा झुपका. नागपूरच्या उन्हात ही फुलते, हे पाहून माझी झोप उडाली. मी घासाघीस केली, जाड बुंध्याचं माझं जुनं अडेनियम तिला देऊन टाकलं आणि बदल्यात कुंडीत खोचलेलं एक पान घेऊन आलो.

पानानं मुळं धरली. हिरवंगार राहिलं. पण वाढलं नाही — त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. लग्नाकार्यात वहिनी भर पंगतीत विचारायची, "भाऊजी, तुमचं पान वयात आलं काय?" सगळे हसायचे. झाडं विकून घर बांधलेला माणूस मी — ताटाकडे बघत बसायचो.

मग कळलं. होयाच्या पानासोबत खोडाचा तुकडा आणि त्यावरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आला नाही, तर ते जन्मभर पानच राहतं. वहिनीनं मला जाणूनबुजून बिनडोळ्याचं पान दिलं, हे मी लेआउटभर सांगत फिरलो. तिच्या खिडकीत काय होतं, ते मात्र सांगितलं नाही. मुलीच्या सासरी द्यायला तिनं तशीच पानं लावून ठेवली होती, आणि वेल होईल म्हणून वाट बघत होती. तिला बिचारीला डोळ्याचं काही ठाऊकच नव्हतं. मी ते पाहिलं होतं का? — पाहिलं होतं. तरी पुढचं केलं.

बहर सरला तेव्हा तिनं मला बोलावलं. हातात कात्री. "भाऊजी, फुलं गळाले. हे देठ कापू की राहू देऊ?"

होया दरवर्षी त्याच जुन्या देठावर फुलते. देठ कापला, की तिथला बहर संपला. हे मला तोंडपाठ होतं.

"कापा ना वहिनी," मी म्हणालो. "गुलाबाचे नाही का छाटत? अन् ह्या बिनपानाच्या लांब दोऱ्याही काढा, उगाच जोर खातात."

तिनं कापलं. पांढरा चीक ठिबकला. ती थबकली. "हा तर जिता आहे जी."

"वाळल्या लाकडालेही चीक येते."

इतकं खोटं वाक्य कुठल्या नर्सरीवाल्यानं उच्चारलं नसेल. तिनं मानलं — का? नर्सरीवाला बोलला म्हणून.

त्या दोऱ्या मी, कचऱ्यात टाकतो म्हणून, पिशवीत भरून घरी आणल्या. त्यांना डोळे होते.

आणि जगल्या, सगळ्या जगल्या. नारळाचं सोडण, कोळशाचे तुकडे, मूठभर वाळू. कुंडी तंग, कारण मुळं दाटली की ही फुलायचं मनावर घेते. कुंडी वाळल्याशिवाय पाणी नाही. सकाळचं ऊन, दुपारी हिरवी जाळी, आणि कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाही. मे महिन्यात सगळे म्हणाले, जळणार. मी वेली कुलरच्या ओल्या हवेत टांगल्या. यंदा नर्सरीतला अख्खा मांडव फुलला. संध्याकाळी गरम पाकासारखा वास सुटतो. सावनेरहून लोक फोटो काढायला येतात. मी छाती काढून उभा राहतो. खोटं कशाला सांगू? अजूनही राहतो.

वहिनीकडे? नवा बिनपानाचा देठ दिसला, की जोर खातो म्हणून ती कापते. माझा चुलतभाऊ संध्याकाळी त्या वासासाठी अंगणात खुर्ची टाकून बसायचा. ती खुर्ची आता आत गेली आहे.

परवा ती नर्सरीत आली. मांडवाखाली बराच वेळ वर बघत राहिली.

"भाऊजी, तुम्ही देठ नाही कापत काय?"

आजूबाजूला गिऱ्हाईकं होती. मी म्हणालो, "ही जात वेगळी आहे, वहिनी."

"असन जी," ती म्हणाली, आणि गेली.

जात तीच आहे. वेल तिचीच आहे. माफी मी मागत नाही. ज्या तोंडानं तिला लबाड ठरवलं, त्या तोंडाला माफी शोभणार नाही. तिनं न केलेल्या लबाडीचा जाब मी चारचौघांत मागत आलो. आता माझ्या लबाडीचा तिनं मागावा — इथेच, फुललेल्या मांडवाखाली, गिऱ्हाईकं उभी असताना. आणि हळू आवाजात नाही.