तिसऱ्या दाराची चावी

"आवाज द्या नि मग पाय टाका!"

आमच्या सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, बोळाच्या तोंडाशी झाडू आडवा धरून मावशी उभ्या असायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावंच लागायचं. मग तो वकील असो, नाहीतर दाखल्यासाठी ताटकळलेला बागायतदार. बोळात स्वच्छतागृहं, उजवीकडे 'पुरुष', डावीकडे 'स्त्रिया'. स्त्रियांच्या दाराची आतली कडी कित्येक महिने तुटलेली होती. दुरुस्तीचं पत्र कुणाच्या टेबलावर अडलं होतं ते विचारू नका, माझ्याच अडलं होतं. तोवर कडीचं काम मावशी करत होत्या.

तुमच्याही कचेरीत अशी एखादी बाई असेल. कंत्राटदाराचं माणूस, हजेरीपुस्तकात नाव नाही, पण तिच्यावाचून मजला चालत नाही. आमच्या मावशी पालीच्या आतल्या एका गावातून सकाळच्या एसटीने यायच्या. माझं टेबल बोळाच्या बरोबर समोर. खरं सांगायचं तर मी फायलींपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायचो. मला एक कोडं पडलं होतं. कुणी कुठल्या दाराने जायचं, हे ही बाई ठरवते कसं?

एकदा मांडवीकडचा एक माणूस पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दोन दारांच्या मधे उभा होता. पोर पायावर पाय घालून उभी, आणि बाप एकदा इकडे बघतोय, एकदा तिकडे. मावशींनी डाव्या दारावर थाप मारली. "आत कोन हाय? बाप पोरीला घेऊन येतोय, सावरा जरा!" आतून एक वकीलबाई इंग्रजीत काहीतरी ओरडल्या. मावशी म्हणाल्या, "व्हय व्हय, तुमचं झालं की मग." आणि बाई बाहेर येईपर्यंत त्यांनी त्या पोरीला स्वतःच्या नातवंडांची नावं सांगत गुंतवून ठेवलं.

दुसऱ्या वेळी एक म्हातारा आला. अर्धं अंग गेलेलं, बायकोच्या आधाराशिवाय त्याला उभं राहता येईना. मावशींनी पुरुषांची बाजू रिकामी केली आणि आजींनाही त्याच्याबरोबर आत घातलं. खोळंबलेल्या एकाने विचारलं, "हे कुठल्या नियमात बसतं?"

"पाटी भिंतीला लावलीय, घाई मानसाला लागलीय," मावशी म्हणाल्या. "पाच मिनटं थांबा. मरत नाय तुमी."

मी हसलो. माझ्या नोकरीत पाटीपलीकडे विचार करायची सवयच राहिली नव्हती.

मग परिपत्रक आलं. कायदा झालाय, तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक इमारतीत वेगळी सोय करा आणि अहवाल पाठवा. बोळाच्या टोकाला एक तिसरं स्वच्छतागृह होतं. बांधल्यापासून त्यात जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेले. आम्ही दारावर झोकात पाटी रंगवून घेतली, कुलूप तसंच ठेवलं, आणि मी अहवालात सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'स्वतंत्र सोय उपलब्ध आहे.' चावी माझ्या खणात. सरकारी नोकरांना यात काही वावगं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी ती आली. निळी साडी, कपाळाला मोठी टिकली, आवाज जाड. ओळखपत्राच्या कामासाठी आली होती. साहेब मीटिंगला गेलेले. दहा वाजता बाकावर बसली ती दोन वाजले तरी तिथेच. बाकाजवळच्या माठाकडे ती बघायची आणि मान फिरवायची. हे मला दिसलं नाही. मावशींना दिसलं.

"गो बाय, सकाळपासून घोटभर पाणी नाय प्यालीस. जायचंय काय तुला? चल, मी दाराशी उभी ऱ्हातंय."

ती म्हणाली, "नको मावशी. बायकांत गेले की बायका ओरडतात. पुरुषांत गेले की दार ढकलतात. मी घरी जाऊनच..."

"घर कुठं तुझं?"

"राजापूरच्या पुढे."

मावशी सरळ माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, त्या तिसऱ्या दाराची चावी द्या."

"मावशी, आत गठ्ठे आहेत."

"मग पाटी गठ्ठ्यांसाठी लावलाव काय?"

मी चावी दिली. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा ती निळी साडी बाकावरून माझ्याकडेच बघत होती म्हणून असेल. मावशींनी पदर खोचला आणि एकेक गठ्ठा ओढत बाहेर आणला. व्हरांडाभर धूळ, सगळी कचेरी शिंकतेय. मग दोन बादल्या पाणी, फिनेल, खराटा. अर्ध्या तासात सगळं लखलखीत. ती आत गेली आणि मावशी दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

नेमके तेव्हाच साहेब जिना चढून आले.

"शासकीय अभिलेख व्हरांड्यात? कुणाच्या परवानगीने? चावी कुणी दिली?"

मी तोंड उघडणार होतो. शपथ घेऊन सांगतो, उघडणार होतो. पण बढतीची यादी निघायची होती, आणि मी समोरची फाईल उघडली.

"मीच घेतली खनातून," मावशी म्हणाल्या. "भाऊ जेवायला गेले हुते."

सोमवारी कंत्राटदाराने दुसरी बाई पाठवली. गठ्ठे आत गेले, कुलूप लागलं, चावी या खेपेला साहेबांच्या कपाटात गेली. माझं नाव यादीत आलं. पेढे वाटताना बोळाकडे बघवेना.

दोन महिन्यांनी कोल्हापूरला जाताना एसटी पालीला थांबली. बाजारात मावशी भाजीचे वाटे लावून बसल्या होत्या. मी धावत उतरलो आणि एका दमात म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी गप्प बसलो. तुमचं काम माझ्यामुळे गेलं."

"म्हाईत हाय मला. मी बोललंय ते इचार करूनच. बोलला असतांव तर दोघं गेलो असतो. मग ती खोली उघडी कोन ठेवनार?" त्यांनी भाजीवर पाणी शिंपडलं आणि मान वर करून विचारलं, "उघडी ठेवलीत ना?"

कंडक्टरने घंटी दिली. मी गाडीत चढलो. खिडकीतून पाहिलं तर त्या एका गिऱ्हाइकाला मुळ्याची जुडी दाखवत होत्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. लेकाकडे मुंबईला गेल्या असं नंतर कळलं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि तिसऱ्या दाराची चावी मागितली.

"आता ती कशाला?"

"अहवालातली ओळ खोटी आहे, साहेब. मी लिहिली होती," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी चावीही मीच दिली होती."