पेन्सिलीतल्या सात फुल्या

हे सांगायचं मी साठ वर्षं टाळलं. विचारणारे कमी नव्हते. विद्यापीठाच्या समारंभात कोणीतरी हमखास विचारायचं, "सर, तो समुद्रतळाचा नकाशा तुम्ही कसा केलात?" मी दोरी, शिशाचा गोळा आणि चिकाटी, एवढंच सांगून चहा घ्यायचो. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या कामगिरीचं गुळगुळीत पुस्तक घरी आलं. त्यात माझा फोटो, शेजारी तो नकाशा, खाली ओळ: 'एकट्याच्या जिद्दीतून साकारलेलं संशोधन.' एकट्याच्या! पुस्तक भिंतीवर भिरकावलं. मग आठवलं, ती ओळ कुठल्यातरी मुलाखतीत मीच दिली होती.

तारापूरच्या बाजूला किनाऱ्यालगत समुद्र किती खोल, तळाशी चिखल की वाळू, हा माझा प्रबंधाचा विषय. बोईसरला गाडीतून उतरायचं, एसटीने कोळ्यांच्या गावात जायचं आणि एका नाखव्याच्या होडीतून समुद्रात. विद्यापीठाने होकायंत्र दिलं होतं, समुद्राची सवय दिली नव्हती. पहिल्याच दिवशी मी काठावर वाकून ओकत होतो.

"मास्तर, दर्याला किती खायला घालशील?" नाखवा म्हणाला. "मासं सुस्त झालं तर जाळ्यात कोन येल?"

होडी नेमकी कुठे आहे, हे मला हेलकाव्यांत काढता येईना. नाखवा नुसता किनाऱ्याकडे बघायचा. "देवलाचा कलस जोडताडाच्या मधी आला. डोंगराचा टोक बुरुजावर आला. टाक गोला." दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात ती जागा. परीक्षकांनी माझ्या 'स्थाननिश्चितीच्या अभिनव पद्धती'ची तोंड भरून स्तुती केली, ती ही.

बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली. डोल जाळं बांधायला समुद्राच्या तळात झाडांचे सोट ठोकतात. त्या खुंटांची जागा बापाकडून मुलाकडे येते, तिचा कागद नसतो. एका पैसेवाल्या बोटमालकाचा नाखव्याच्या जागेवर डोळा होता.

"माजे खुंट तुज्या कागदावर दाखव," तो म्हणाला. "तुजा कागद सायब वाचल. माजा तोंड कोन वाचतो?"

मी कच्च्या नकाशावर पेन्सिलीने सात फुल्या काढल्या. त्याने एकेकीवर बोट ठेवून मोजल्या आणि बायकोला हाक मारली. "बग गो, आपुन कागदावर आलो!"

"मीपन हाय का त्याच्यात?" ती मासळी वाळत घालता घालता म्हणाली. "नाय तर खोडून टाक."

खोडलं मीच. कच्च्या नकाशावरून शाईची प्रत उतरवायच्या वेळी माझे मार्गदर्शक म्हणाले, "हा शास्त्रीय नकाशा आहे, कोळीवाड्याची वाटणी नव्हे. त्या फुल्या खोडून टाका." मी रबर उचललं. नाखव्याला कळवलंही नाही. त्याने फुल्या पाहिल्या होत्या, त्याच्या लेखी त्या तिथेच होत्या.

वर्षभरात बोटमालकाने जागेवर हक्क सांगितला. पालघरला साहेबापुढे सुनावणी झाली आणि त्याच्या वकिलाने माझा छापील नकाशा पुढे ठेवला. मला खुलाशाला बोलावलं होतं. मला बघून नाखव्याचा चेहरा उजळला. शेजारच्याला म्हणाला, "आता भ्याव नाय. मास्तर आला."

साहेबांनी विचारलं, "हा नकाशा पूर्ण आहे? यात खुंट कुठेच नाहीत."

पुढच्या आठवड्यात विद्यापीठात माझी नोकरीची मुलाखत होती आणि निवड समितीवर तेच मार्गदर्शक होते. मी म्हणालो, "हो, पूर्ण आहे."

"मास्तर, त्या फुल्या?" नाखवा उठून उभा राहिला. "सात होत्या. तूच काडल्यास ना?"

मी साहेबांकडेच बघत राहिलो. एवढा भेकडपणा करायला फार ताकद लागत नाही. मान वळवायची नाही, झालं.

जागा गेली. नाखव्याने काठाजवळ उथळ पाण्यात खुंट मारले, तिथे जाळं भरेना. दोन हंगामांनी होडी विकली, मुलगे बोईसरच्या कारखान्यात पाळीवर लागले. मला नोकरी मिळाली, सुवर्णपदकही. ज्या विद्यापीठाने माणसाच्या डोक्यातलं ज्ञान उचललं आणि माणूस पुसला, त्याचा मला संताप येतो. पण रबर माझ्याच हातात होतं.

बऱ्याच वर्षांनी तो पेन्सिलीचा नकाशा पिशवीत घालून मी गेलो. नाखवा ओट्यावर दुसऱ्याचं जाळं विणत होता. "मास्तर! वकायचा थांबला का रे?" तो हसला. बायकोने चहा आणला. मी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, मुलांची केली. निघताना त्याने सुक्या बोंबलांची पुडी हातात कोंबली. मी ती घेतली! पिशवीत नकाशावरच ठेवली आणि एसटीत बसलो. त्यानंतर तो गेल्याचंच कळलं.

नकाशाला अजून बोंबलांचा वास येतो. त्या ओट्यावर एवढंच म्हणायचं होतं: नाखवा, फुल्या सात होत्या. मी काढल्या, मीच खोडल्या, आणि साहेबापुढे खोटं बोललो. मला माफ करा.