नावांसकट गाणं

प्रमोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या शाळेत पेपर तपासत बसलो होतो. हृदयविकाराचा झटका... डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हायवेवर बसची वाट बघताना माझ्या मनात काय यावं? आता याच्या कॉम्प्युटरला हात लावायची कुणाची छाती होणार! दुःखात माणसाला काहीही सुचतं.

प्रमोद माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा. डहाणूला त्याचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. गिऱ्हाईक एकाच करारनाम्याच्या दोन फाइल आणायचं आणि विचारायचं, यातली दुरुस्त केलेली कुठली? म्हणून त्याने दोन फाइलींमधला फरक दाखवणारा एक फुकटातला प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवला. तो काही त्याच्या पसंतीस उतरेना. वरचा परिच्छेद नुसता खाली सरकवला तरी प्रोग्रॅम म्हणणार, एक गेला आणि एक नवा आला. "अरे, माणूस ओटीवरून उठून पडवीत बसला, तर तो मेला का?" असं म्हणत पठ्ठ्या स्वतःच दुरुस्तीला बसला. प्रोग्रॅमिंग त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, डबा खायचा आणि पडद्याला नाक लावायचं, हा त्याचा नेम. कुणी बोलावलं तर "थांब रे, एवढा प्रोग्रॅम धावू दे" म्हणायचा, आणि चहा गार व्हायचा.

त्याची आई, म्हणजे आमची काकू. लग्नाची गाणी म्हणण्यात आमच्या आगर गावात तिचा हात धरणारं कोणी नाही. २०१४ साली माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात तिने म्हटलेलं गाणं मी टाइप करून ठेवलं. पुढे वाढवणच्या एका लग्नात तिने तेच म्हटलं, तेही उतरवलं आणि दोन्ही फाइली प्रमोदला दिल्या. पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा, म्हणजे ओळीओळीत फरक! कारण आमच्या गाण्यात ओळीओळीला त्या घरची नावं येतात. नवरीचं, मामाचं... एका ओळीत तर घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावं घेऊन मांडवात बोलावतात. प्रमोद म्हणाला, गाणं तेच आहे, घर तेवढं बदललं. मग त्याने नावं वगळून बाकीचं ताडून पाहायची सोय केली. आमच्या सगळ्या गोतावळ्याची नावं त्यात भरली, स्वतःचंही. पडदा स्वच्छ झाला. मोठ्या ऐटीत त्याने आईला बोलावून दाखवलं.

"नावा काढलीस तं गानं कोनासाटी रं?" काकू म्हणाली. "बाकीचं तं कोनी बी बोलंल."

"आई, मशीनला नाव कळत नाय."

"मंग शिकव ना त्याला. तुला नाय शिकवलं मी?"

त्यावरून मायलेकांचं बरेच दिवस वाजलं. कोणीच हार मानेना. पुढे एकदा मी दुकानात गेलो तर पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन दिसला. त्यावर खूण केली की नावंही ताडून पाहिली जायची. चौकोनापुढे लिहिलं होतं, 'आईचं खरं'. मी विचारलं, "काकूला दाखवलंस?" तर म्हणाला, "छे! डोक्यावर बसेल." आणि ते राहिलंच.

गेल्या महिन्यात माझ्या धाकटीचं लग्न झालं. तारीख आधी धरलेली होती. पुढे ढकलू नका, असं काकूनेच बजावलं आणि मांडवात येऊन गायलीही. तेही गाणं मी उतरवून घेतलं.

परवा काकूला घेऊन दुकान आवरायला गेलो. त्याची खुर्ची अजून पडद्याला चिकटूनच होती. सोबत आणलेल्या दोन्ही मुलींच्या लग्नांतल्या गाण्यांच्या फाइली मी कॉम्प्युटरवर शेजारी ठेवल्या. प्रोग्रॅम म्हणाला, काही फरक नाही. मला ते सहन होईना. कोपऱ्यातल्या चौकोनावर खूण केली. नवरीच्या नावाच्या ओळी पिवळ्या झाल्या, आणि खाली, गेलेल्यांना बोलवायच्या ओळीत, आजोबांच्या नावाशेजारी एक नवं नाव पिवळं झालं.

काकू पदर सावरत पुढे वाकली. तिला वाचता येत नाही, पण काय उजळलं ते तिला कळलं असावं.

"यो पिवला कोनी केला?" तिने विचारलं.

"प्रमोदने," मी म्हणालो, आणि चौकोनापुढचे दोन शब्द तिला वाचून दाखवले.