काळ्या पिशव्या

बायको गेली आणि पुढच्याच वर्षी लेक लढाईच्या मुलखात नर्स म्हणून गेली. मी नको म्हटलं. ती कसली ऐकते. मग इथं कतारला, दोह्यात मी एकटा आणि फोन. वाजला तरी धडकी, नाही वाजला तरी धडकी.

मी इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात पॅकिंगला होतो. वर्ल्डकप जवळ येत होता, गोदाम स्टेडियमच्या खुर्च्यांनी भरलेलं. एका कोपऱ्यात एका मदतसंस्थेसाठी, लेकीच्या दवाखान्यात वाटायचं बायकांचं सामान भरायचो. साबण, टॉर्च, पॅड. आम्ही सगळे गडी रत्नागिरी-रायगडचे. आमच्याकडे मेडिकलवाला पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. आम्हीही सगळं काळ्या पिशवीत घालून वर गाठ मारली. इज्जत राखली असं वाटलं.

पहिली खेप पोचली आणि लेकीचा फोन आला. बायका सामान घेऊन घरी निघाल्या की नाक्यावरचे शिपाई अडवतात, काळ्यात काय लपवलंय म्हणून सगळं रस्त्यावर ओतायला लावतात. ती मध्ये पडली तर तिलाही उन्हात बसवून ठेवलं.

"परत ये," मी म्हटलं.

"अजून एक खेप अशी आली तर यावंच लागेल, अब्बा. बायका यायच्या बंद झाल्यात. दवाखाना कोणासाठी ठेवतील?"

दुसरी खेप दारात ट्रकवर चढत होती, हमद पोर्टला जायला. मी नुसतं गप्प बसायचं, की पोर घरी. खोटं कशाला सांगू, चहा होईपर्यंत मी गप्पच बसलो. पण चहा तसाच ठेवून उठलो. माझी पोर विमानात बसेल. त्या बायका कुठं जातील?

फोरमनला ट्रक थांबवायला सांगितलं, सामान बाहेरून दिसेल अशा पिशव्यांत भरू म्हटलं. तो हसला. "चाचा, अख्खं दोहा खुर्च्या लावतंय आणि तुम्हाला बायकांचं सामान काचेत मांडायचंय?"

"तुझी लेक त्या नाक्यावर उभी कर, मग हस."

ट्रक थांबला. आम्ही आरपार दिसणाऱ्या पिशव्या आणून सगळं नव्यानं भरलं. गडी आधी लाजले, मग लाजायला कोणाला वेळच राहिला नाही.

ती खेप पोचल्यावर लेक फोनवर हसत होती. शिपाई बाहेरूनच बघतात आणि सोडतात. दवाखान्यात रांग लागलीय.

"मग तू कधी येतेस?"

"आता कशी येऊ, अब्बा?"

बरं म्हटलं. जेवलीस का विचारलं. ती काहीतरी बोलत होती, तेवढ्यात लाईन गेली. मी फोन हातात धरून तसाच बसून राहिलो.