चीक हाटताना साहेबांचं भाषण

१२ मे, रविवार. पहाटे साडेपाचला गच्चीवर शेगडी नेली. कुरड्यांचा चीक शिजवायचा होता.

नागपुरात मे महिन्यात हे काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. आठनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही, आणि कुरड्यांना नेमकं तेच ऊन हवं असतं. गहू तीन दिवस भिजवलेला, रोज सकाळी पाणी बदललेलं, शनिवारी वाटून कापडातून पिळलेला. रात्रभरात चीक तळाला बसला होता आणि वरचं पाणी निवळलं होतं. सगळं ठीक होतं.

कुरड्या माझ्या नव्हत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंच्या होत्या. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही खेड्यातलं, शेतीवालं. बावीस वर्षांचा आमचा शेजार. त्यांच्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी होतं आणि मुलीच्या रुखवतात आईच्या हातच्या कुरड्या असायलाच हव्यात, असा त्यांच्या घरचा नियम. ताईंच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे मुलीची मोठी आई, रुखवत मांडलं की एकेक कुरडई उचलून पाहतात. विकतची लगेच ओळखू येते, कारण विकतच्या सगळ्या सारख्या असतात. त्यांच्या घराण्यात एकीने विकतच्या मांडल्या होत्या, त्याला पंधरा वर्षं झाली. तिचं नाव निघालं की आधी कुरड्या निघतात, मग ती कशी आहे ते विचारतात.

खरं तर हे एप्रिलमध्येच व्हायला हवं होतं. साड्यांच्या खरेदीत राहून गेलं.

चीक शिजवायला दोन माणसं लागतात. गंजात मिठाचं पाणी उकळलं की एकीने बारीक धारेने चीक ओतायचा आणि दुसरीने चाटूने हाटत राहायचं. हाटणारा हात थांबला की गाठी होतात. गाठीचा चीक सोऱ्यातून उतरत नाही. म्हणजे वीस मिनिटं दोघींपैकी कोणीही जागेवरून हलू शकत नाही. आमची बहुतेक भांडणं याच वीस मिनिटांत झाली आहेत, कारण रागावून उठून जाता येत नाही.

त्या वर्षी भांडण एका पुढाऱ्यावरून होतं. त्या गृहस्थांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या इमारतीतही कोणी घेत नाही. 'ते' म्हटलं की कळतं, आणि ऐकणारा हसला की तोंड वाकडं केलं यावरून त्याची बाजू कळते. ताई त्यांना 'साहेब' म्हणतात. शनिवारी संध्याकाळी त्यांची सभा झाली होती. घरात लग्न आठवड्यावर आलेलं असताना ताई दोन तास काढून सभेला गेल्या होत्या. मी मोबाईलवर पाहिली, कणीक मळता मळता.

मी धार धरली. ताई हाटू लागल्या.

"पाह्यलं का काल?"

"पाहिलं."

"मंग?"

"मंग काय. खोटं बोलले."

"काहून खोटं? कोनतं खोटं?"

"म्हणाले, आपल्या भागातल्या नालीचं काम झालं. मी इथंच राहते ताई."

"झालं ना."

"अर्धं झालं."

"अर्धं झालं म्हनजे झालंच ना वं. तुहा सैपाक अर्धा झाला तं तू का म्हनते, सैपाक नाही झाला?"

"नाही म्हणत. पण पाहुण्यांना पानावर बसवत नाही."

ताईंनी चाटू जरा जोरात फिरवला. चिकाला ते चांगलंच असतं.

"आन् रस्ता? सिमेंटचा रस्ता दिसत नाही का तुले?"

"दिसतो ना. आपल्या फाटकाहून वीतभर उंच झालाय. पावसाचं पाणी कुठं जाईल?"

"जाईन खाली."

"खाली कोण राहतं?"

"तळमजल्यावाले काका." ताई क्षणभर विचारात पडल्या. "काका तं साहेबाच्याच बाजूनं आहे."

"पाण्याला ते माहीत नाही."

यावर ताई हसल्या, पण हात चालू ठेवला. मग एकदम गंभीर झाल्या. "तू गंमत करून राहिली. माह्या भावाच्या गावात रस्ता नोता. माह्या भावजयीले बाळंतपनासाठी बैलगाडीत नेलं होतं, मी होती संग. रस्ताभर एका हातानं तिले धरलं आन् एका हातानं गाडी. आता गावात यष्टी जाते. थे कोनामुळं झालं? तुले तुह्या सदरमधल्या ऑफिसात पंख्याखाली बसून का समजन?"

यष्टी जाते हे खरं होतं. म्हणून मी विषय बदलून साहेबांच्या बोलण्याच्या पद्धतीवर आले.

"बरं, रस्ता राहू द्या. ते बोलतात कसे ते पाहा. एक वाक्य बोलायचं, चष्मा काढायचा, थांबायचं. लोकांना वाटतं आता काहीतरी मोठं येतंय. मग चष्मा घालायचा आणि तेच वाक्य पुन्हा बोलायचं."

"थे थांबते ना, त्याच्यातच तं सारं आहे."

"त्यात काही नाही. थांबणं म्हणजे थांबणं."

"तू समोर बसून नाही ऐकलं म्हनून बोलून राहिली. अवं, अंगावर काटा येते. सारं मैदान चिडीचूप होते. पाह्य, मी दाखवते तुले."

आणि ताईंनी दाखवलं. चाटू गंजातून वर काढला, माइकसारखा तोंडापुढे धरला, मान जराशी तिरपी केली आणि साहेबांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आज मी तुम्हाला फक्त एकच प्रश्न विचारणार आहे." डाव्या हाताने नसलेला चष्मा काढला. आणि थांबल्या.

हुबेहूब होतं. ते कबूल करायला हवं.

मला चाटू वर गेलेला दिसत होता. चिकाचे थेंब त्यांच्या मनगटावरून ओघळत होते. माझ्या हातातलं पातेलं तिरपं होतं आणि धार चालू होती. ती थांबवायला मनगट सरळ करणं पुरे होतं. पण मी धार थांबवली असती, तर ताई म्हणाल्या असत्या, पाह्य, तूही थांबली. म्हणून मी ओतत राहिले. चांगला मोठा विराम होता.

ताईंनी चाटू परत गंजात घातला तेव्हा तो फिरेना.

आम्ही दोघींनी मिळून पाच मिनिटं जोर लावला. सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या. चाटूने दाबली की एकीच्या दोन व्हायच्या. एक घाणा सोऱ्यात भरून पाहिला. बोटभर उतरला आणि जाळी तुंबली. सोऱ्या उघडून धुतला, पुन्हा भरला, पुन्हा तेच. तोवर चीक गार व्हायला लागला होता.

ताईंनी शेगडीकडे वाकून पाहिलं. "आच बारीक झाली होती का वं?"

"असेल," मी म्हणाले.

आच बारीक झालेली नव्हती. मीच लावली होती.

ताई म्हणाल्या, "नाही. माह्याच हातानं झालं. मीच थांबली." आणि जिना उतरून गेल्या. त्यांची चप्पल गच्चीवरच राहिली.

मी उरलेल्या चिकाच्या चमच्याने वड्या घातल्या. त्या तळून चांगल्या लागतात. रुखवतात मांडता येत नाहीत. गंज घासला, शेगडी खाली आणली, चप्पल ताईंच्या दाराशी ठेवली. बेल वाजवली नाही.

दुपारी चारच्या सुमारास त्यांची मुलगी आली, जिचं लग्न होतं ती. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, शांत मुलगी. कूलरसमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, आई म्हणून राहिली, इतवारी बाजारातून आणू विकतच्या."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं आण ना. मला कुठं खायच्यात. तर ती कपाट आवरायला लागली. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"तुझ्या मोठ्या आईला कळेल."

"मोठी आई तर मोबाईलची बॅटरी लावून पाहते. पण तेवढंच नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आई म्हणते, पोरीचं शुभकार्य अन् मी नाटकं करत बसले, माझ्या हातानंच बिघडलं. आता काही झालं की तिला हेच आठवत राहील. जेवली नाही. सभेचा व्हिडिओ बाबांनी लावला, तर बंद करा म्हणाली."

हे शेवटचं ऐकून मला प्रकरणाचा अंदाज आला. ताई उपाशी राहू शकतात, दरवर्षी नवरात्रात राहतात. पण व्हिडिओ बंद करणं वेगळं.

"आच बारीक होती असं मी म्हटलं होतं तिला," मी म्हणाले.

"हो, सांगितलं तिनं. म्हणाली, ती बिचारी मला सांभाळून घेत होती."

मुलगी गेल्यावर मी दिवस मोजले. रविवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ गहू भिजेल. बुधवारी वाटायचा, रात्री चीक बसेल, गुरुवारी पहाटे शिजवायचा. गुरुवार आणि शुक्रवारचं ऊन. शनिवारी रुखवत भरायचं. बसत होतं, पण गहू आजच भिजला तर. सोमवारी भिजवून काही उपयोग नव्हता.

घरात आमचा वर्षाचा गहू भरलेला होता. मी चार किलो काढला, निवडला, धुतला आणि पाच वाजता मोठ्या पातेल्यात भिजत घातला. ताईंना विचारलं नाही. गव्हाला कोणाच्या परवानगीची गरज नसते. धारेची गोष्टही सांगायची होती, त्यासाठी मात्र समोरासमोर जावं लागणार होतं. ती मी दुसऱ्या दिवसावर ढकलली. आधी स्वयंपाक आहे असं कारण मनाला दिलं, मग बातम्या आहेत असं दिलं. बातम्यांत तेच गृहस्थ नालीबद्दल बोलत होते. मी आवाज बंद केला.

सोमवारी सकाळी सहाला गव्हाचं पाणी बदललं. पातेलं उचलून समोर गेले आणि कोपराने बेल दाबली. ताईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विंचरलेले.

"ताई, काल तुम्ही चाटू वर काढला तो मला दिसला होता. मी धार थांबवली नाही. आच नीट होती."

"काहून नाही थांबवली?"

"तुम्ही जिंकल्या असत्या."

"आन् मी काल दिवसभर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पातेल्याकडे पाहिलं. "मी देवापुढं नाक घासलं वं काल. तू खुशाल पोळ्या लाटत होती."

"हो."

"बोलली काहून नाही?"

"नाही बोलले. चुकलं माझं."

पातेलं जड होतं, पण मी खाली ठेवलं नाही. शेवटी ताईंनी आत हात घालून गव्हाचा एक दाणा उचलला, नखाने दाबून पाहिला.

"कवा भिजवला?"

"काल पाच वाजता. गुरुवारी पहाटे शिजेल."

"हाटन कोन?"

"मी. तुम्ही ओता. सोऱ्या तुमच्याच हातात राहील, म्हणजे कुरडई तुमच्या हातचीच."

"आन् नाली?" ताईंनी विचारलं.

"नाली अर्धीच आहे."

"जिभेले काही हाड आहे का तुह्या," असं म्हणून त्या दारातून बाजूला झाल्या. मी पातेलं त्यांच्या ओट्याखाली सावलीला ठेवलं, मंगळवारचं पाणी त्यांनी बदलायचं असं सांगितलं, आणि डबा भरायला घरी आले.