पोपटीचं जेवण

आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं होतं आणि अजून कोणाला सांगितलं नव्हतं. नेमकं तेव्हाच पनवेलच्या पुढच्या शेतावरून पोपटीचं बोलावणं आलं. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून असं तिघांचं ते शेत. खत-औषध न मारलेली भाजी घेऊन सून दर रविवारी नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटवर बसायची.

"नको जाऊ या," मी म्हटलं.

"हो म्हणून बसलोय. वाट बघतील ती," नवरा म्हणाला.

गेलो. वालाच्या शेंगा आम्हीच तोडल्या, एकाच वाफ्यात, पाठीला पाठ लावून. म्हातारीने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वर शेंगा, मीठ, ओवा, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून मुलाने भोवती पेंढा पेटवला. धुराला तो कडवट-गोड वास सुटला आणि मला सपाटून भूक लागली. कित्येक दिवसांनी.

केळीच्या पानावर वाफाळत्या शेंगा ओतल्या. सोबत तांदळाची भाकरी, तिथल्याच मुळ्याची कोशिंबीर. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "पुढल्या साली तिघं या गो. पोराला पन चव लागू दे."

नवरा हसला. कसा हसू शकला, कोण जाणे.

मला शेंगा सोलायचा कंटाळा, म्हणून घरी तोच सोलून द्यायचा. बोलता बोलता त्याने मूठभर दाणे माझ्या बाजूला सरकवले. मग त्याच्या लक्षात आलं. हात तसाच पानावर राहिला. मी एकेक दाणा खाल्ला. चव सुंदर होती, तेच सहन होईना.

परतताना त्याने खाडीपुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

"राहू या का?" मी विचारलं.

त्याने बाहीने डोळे पुसले. म्हणाला, "आज वाटतंय तसं. उद्या पुन्हा तेच होईल ना."

होळीच्या आधी तो घर सोडून गेला.

नंतरच्या एका रविवारी मी अर्धीच भाजी मागितली. शेतावरच्या सुनेने पिशवी भरता भरता वर पाहिलं.

"साहेब गावाला गेलेत का, ताई?"

"नाही. आम्ही वेगळे झालो."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आई विचारतील. काय सांगू त्यांना?"

"खरं सांगा," म्हटलं.

माझ्या स्वतःच्या आईला सांगायचं मात्र अजून धाडस झालं नव्हतं. वर आले, दार लावलं आणि भाजीची पिशवी मांडीवर घेऊन मोठ्याने रडले.