पिवळ्या शाईचा बोर्ड

उमरग्यात हायवेच्या कडेला दैवशालाचं दुरुस्तीचं दुकान होतं. मोटारीचे स्टार्टर, इन्व्हर्टर, वजनकाटे, पुढ्यात येईल ते ती उघडायची. जळालेल्या सर्किट बोर्डाच्या जागी दुसरा मिळत नाही, तर तो आपणच करावा, या नादात तिचं वर्ष गेलं होतं. जुना प्रिंटर खोलून त्यातून ती तांबं चढवलेली कोरी पाटी सरकवायची आणि तिच्यावर सर्किटच्या रेघा छापायची. शाईखालचं तांबं राहायला हवं आणि उघडं तेवढं फेरिक क्लोराईडच्या द्रावणानं खायला हवं. पण काळी शाई वाहून गेली, निळी सुटली. पिवळी तेवढी तव्यावर वीस मिनिटं भाजली की टिकायची, तीही चारदा केलं तर दोनदाच.

मंगळवारी सकाळी बिराप्पा धापा टाकत आले. साठीचे धनगर. मेंढरं झेपेनात, म्हणून आता कोंबड्या पाळायचे.

"अक्का, अंडी उबवायच्या पेटीचा बोर्ड जळाला. दोनशे अंडी हायत, आज-उद्या फुटायची. घरी आमची गंगम्मा हातानंच बल्ब लावायली, बंद करायली."

"सोलापूरहून नवा?"

"चार दिवस म्हणतेत."

तसल्या बोर्डाचा नकाशा दैवशालाच्या कॉम्प्युटरवर होता. पाट्या दोनच उरल्या होत्या.

"मामा, माझ्या शाईचा भरवसा न्हाय."

"तरी करा."

तिनं पाटी घासली, छापली, तव्यावर ठेवली. बिराप्पा दारात येरझाऱ्या घालत होते. दहाव्या मिनिटालाच तिनं ती उचलली. द्रावणात शाईचे पापुद्रे सुटले आणि रेघा तिच्या डोळ्यांदेखत विरल्या.

तेवढ्यात गंगम्माचा फोन आला. "बाई, एक अंडं आतून टकटक करायलंय. लवकर करा."

दुसरी पाटी मात्र तिनं पुरती वीस मिनिटं भाजली. मग ट्रे हलवत बसली. तांबं हळूहळू विरघळू लागलं. दोन रेघा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि शेजारची बारीक रेघ झिजत चालली होती. आत्ता काढली तर बोर्ड शॉर्ट होईल, थांबलं तर रेघ जाईल. ती थांबली. त्या दोन्ही रेघा सुट्या झाल्या तशी पाटी पाण्यात टाकली. बारीक रेघ एका जागी तुटली होती. तिथं तिनं केसाएवढी बारीक तार डाग देऊन जोडली, भोकं पाडली, जुन्या बोर्डाचे सुटे भाग लावले आणि बिराप्पांच्या मोटरसायकलवर मागं बसली.

पेटी सुरू झाली. तापमानाचा काटा चढत गेला. बल्ब आपोआप विझतो का, हे बघत तिघं उभी राहिली. साडेसदतीस अंशांवर टक् झालं आणि बल्ब विझला. गंगम्मानं बल्बच्या बटणावरचा हात काढला.

गुरुवारी दैवशाला परत आली, तोवर एकशे बेचाळीस पिल्लं निघाली होती. उरलेली अंडी गंगम्मानं परड्यात पुरली होती.

"मामी, पहिली पाटी म्या घाईत उचलली," दैवशाला म्हणाली. "न्हाय तर तासभर आधी आले असते."

गंगम्मानं हातातलं पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं. "धरा. लई हलकं हाय, दाबू नका."